शेतातल्या झाडावर टांगतं मचाण: कोणतं घ्यावं, कसं बसवावं?

कादवाकाठ (प्रश्न)
निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मळ्यात शेततळं आहे. थंडीत चक्रवाक आणि बदकं उतरतात. फोटोसाठी सकाळी ३ तास झाडावर बसायचं आहे. खोडाला पट्ट्याने आवळायचं लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं स्टँड पाहतोय. परदेशात ही स्टँड शिकारीसाठी विकतात, मला फक्त कॅमेरा घेऊन बसायचंय.

माझं वजन ८२ किलो, कॅमेरा-लेन्स ६ किलो. झाडं तीन: कडुनिंब (छातीच्या उंचीवर घेर ४२ इंच, किंचित कललेला), सरळ बाभूळ (घेर ३० इंच) आणि बांधावरची निलगिरी. कुठलं झाड धरू? स्टँडमध्ये काय बघू? नाशिकच्या सातपूरला फॅब्रिकेशनवाल्याकडून (लोखंडी पाइप वेल्ड करणाऱ्याकडून) बनवून घेतलं तर चालेल का?

बांधावरचा
आधी झाड ठरवा, स्टँड नंतर. महागडं स्टँडही चुकीच्या खोडावर डुगडुगतंच.

घेर छातीच्या उंचीवर मोजून उपयोग नाही. स्टँड जिथे बसणार, म्हणजे १२-१३ फुटांवर शिडी लावून मोजा आणि ३.१४ ने भागा. बाभूळ खाली साडेनऊ इंच जाडीची असली तरी तेवढ्या उंचीवर सात-आठ इंचांवर येते. बऱ्याच स्टँडना किमान ८-९ इंच जाडी लागते, त्याहून बारीक खोडावर स्टँडचे दाते (खोडात रुतणारी टोकं) दोन कडांनीच टेकतात आणि वारा सुटला की झाड तुमच्यासकट हलतं. लांब लेन्सला ते हलणं लगेच दिसतं. निलगिरीची साल पापुद्र्यासारखी सुटते. दाते सालीत रुततात, लाकडात नाही, आणि साल सरकली की स्टँडही सरकतं. म्हणून कडुनिंबच.

पण दोन गोष्टी बघा. कडुनिंबाला पुष्कळदा आठ-दहा फुटांवरच फांद्या फुटतात, बेचक्याच्या खाली निदान दीड-दोन फूट सरळ खोड मिळालं पाहिजे. तसं नसेल तर १० फुटांवरच बसा. पक्ष्यांच्या फोटोला जास्त उंची मारकच असते, वरून नुसत्या पाठी दिसतात.

दुसरं, कल. झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या उलट बाजूला स्टँड लावा. मग खोड पाठीमागे रेलतं आणि आरामखुर्चीसारखं टेकून बसता येतं. कलत्या बाजूला लावलं तर तळ (पाय ठेवायची फळी) पुढे उतरतो आणि पूर्ण वेळ मांड्यांनी स्वतःला धरून बसावं लागतं. आडव्या कलावर लावूच नका, पाय एका कडेवर पडला की स्टँड फिरायला बघतं. शेततळं त्या बाजूला नसेल तर दुसरं झाड शोधा.

शेवगा, पांगारा, गुलमोहर यांच्यावर कधीच नाही. वर आग्या मोहोळ किंवा जवळून महावितरणची तार असेल तर ते झाड सोडून द्या.

रॅचेट
आता स्टँड. क्षमता १३६ किलोची बघा. तुम्ही, कॅमेरा, थंडीचे कपडे आणि हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) मिळून ९२-९३ किलो होतात, म्हणजे पुरेशी सूट राहते. तळ निदान २४ × ३० इंच हवा. ३ तास बसायचं तर खरी गोष्ट सीटची उंची. बूट घालून गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा, सीट तेवढीच किंवा एक इंच वर असावी. खाली असेल तर गुडघे वर येतात आणि कंबर धरते, फार वर असेल तर सीटची कड मांडीखाली दाबते आणि पाय बधिर होतात. फोमच्या गादीपेक्षा ताणलेली जाळी बरी. निफाडच्या थंडीत फोम दव पितो आणि सकाळभर ओला राहतो.

बसवताना: पट्टा खोडाला आडवा, पीळ न पडता. आधी स्टँडचा उभा खांब थोडा उचलून पट्टा हाताने आवळा, मग तळ खाली उघडून पायाने हळूहळू दाबा. दाते खोडात बसतात आणि पट्टा आपोआप ताणतो. त्यानंतर रॅचेट (पट्टा आवळायचा खटका) पुन्हा आवळा. खाली दुसरा पट्टा हवाच. स्टँड कडेला सरकतं ते बहुतेक वेळा हा दुसरा पट्टा न लावल्यामुळे. तळाची बाहेरची कड किंचित वर ठेवा, वजन पडल्यावर ती समपातळीत येते. पट्टा पॉलिस्टरचा घ्या, नायलॉन भिजला की ताणतो.

फॅब्रिकेशनबद्दल माझं स्पष्ट मत: टांगतं स्टँड बनवून घेऊ नका. त्यात सगळा भार तळ तोलणाऱ्या दोन केबल आणि चार-सहा जोडांवर असतो, एक वेल्ड कच्चा राहिला तरी वरून दिसत नाही. बनवायचंच असेल तर जमिनीवर पाय टेकलेलं शिडीचं मचाण करा: २५ मिमी चौकोनी पाइप, २ मिमी जाडी, तळाला एक्स्पांडेड जाळी (पत्रा ताणून केलेली). चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला पत्रा) दवाने निसरडी होते. चढण्याआधी जमिनीलगत सिमेंटच्या ५० किलोच्या ४ गोण्या रात्रभर ठेवून बघा.

कादवाकाठ
कडुनिंबाचा कल शेततळ्याच्या उलट बाजूला आहे, म्हणजे जमेल. हार्नेस कुठला? आणि स्टँड वर्षभर तसंच ठेवलं तर?

दोरखंड
पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, आयएस ३५२१ (भारतीय मानक) लिहिलेला. नुसता कमरपट्टा नको, पडल्यावर तो पोटावर किंवा छातीवर सरकून श्वास कोंडतो. लोक बहुधा चढता-उतरताना आणि शिडीवरून तळावर पाय टाकताना पडतात, म्हणून दोर जमिनीपासूनच लागतो. स्टँडच्या वर खोडाला बांधलेला जाड दोर खालपर्यंत सोडा, त्यावर हार्नेसला जोडलेली प्रुसिक गाठ (हाताने सरकते, भार पडला की आवळते), आणि चढताना गाठ वर सरकवत न्या. बसल्यावर ती डोक्याच्या वर असावी आणि दोरात जेमतेम ढील असावी. ढील जास्त असेल तर पडताना झटका बसतो आणि पुन्हा तळावर पाय टेकवता येत नाही. हार्नेसमध्ये लटकून राहणंही धोक्याचं, मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. पाय अडकवून उभं राहता येईल असा एक फासा सोबत ठेवा आणि घरी वेळ सांगून जा. कॅमेरा अंगावर घेऊन चढू नका, नंतर दोरीने वर ओढा.

वर्षभर अजिबात ठेवू नका. झाड वाढतं, पट्टा सालीत रुततो आणि उन्हाने कच्चा होतो. मृगाच्या आधी उतरवा. प्लास्टिक चढवलेल्या केबलची टोकं वाकवून बघा, गंज आतून धरतो. पट्टे २ वर्षांनी बदला. खोडात खिळे किंवा स्क्रूच्या पायऱ्या ठोकू नका, पट्ट्याची शिडी वापरा.

उसाच्या फडालगत बिबट्याचा वावर असेल तर पहाटे अंधारात एकट्याने झाडाकडे जाऊ नका, उजाडल्यावरच निघा. आणि अभयारण्याच्या आत काहीही बांधता येत नाही, तिथे वनविभागाचे मनोरे आहेतच.