मदत हवी आहे: काडतुसांच्या खोक्यावर 'फक्त पोलिसांसाठी' छापलंय, ठेवलं तर चालतं का?

मंडळी, टेक्सासमधलं कोणी असाल तर जरा सांगा. ग्रीन कार्ड येऊन वर्ष झालं, मागच्या महिन्यात ९ एमएमचं पिस्तूल घेतलं, अधूनमधून शूटिंग रेंजवर जातो. परवा गन शोमध्ये एका म्हाताऱ्याच्या टेबलावर काडतुसं स्वस्तात दिसली म्हणून एक खोकं उचललं, घरी येऊन बघतो तर झाकणावर ठळक 'लॉ एनफोर्समेंट यूज ओन्ली'! आत ५० नग, काडतुसाचं आवरण चंदेरी, गोळीच्या टोकाला खड्डा, म्हणजे हॉलो पॉइंट. दुकानात ह्याच मालाचं २० चं खोकं जवळपास तेवढ्यालाच मिळतं, त्यामुळे चोरीचा माल तर नाही ना ही धाकधूक. आमच्याकडे कोकणात आजोबांची शेतीसाठीची बंदूक इलेक्शन आली की पोलिस स्टेशनात जमा व्हायची, काडतूस घ्यायचं तर लायसन्स दाखवा, त्यामुळे पोलिस शब्द वाचला तरी पोटात गोळा येतो. बायको म्हणते परत कर. मेव्हणा म्हणतो काही होत नाही, तो आमच्याकडेच राहतो, एच-वनवर आहे, रविवारी माझ्याबरोबर रेंजला येतो.

उत्तर १:
खोक्याचं टेन्शन सोड. ते कंपनीचं धोरण आहे, फेडरल कायदा नाही. पोलिस खात्यांसाठी ५० चं पॅकिंग, दुकानासाठी २० चं, बाकी माल तोच. १९९३ मध्ये विंचेस्टर कंपनीच्या ब्लॅक टॅलन ह्या हॉलो पॉइंट गोळीवरून बोंब झाली तेव्हा कंपनीने ती गोळी सामान्य गिऱ्हाइकाला विकणं स्वतःहून बंद केलं. कायद्याने अडवलेलं वेगळं, पिस्तुलाच्या चिलखतभेदी गोळ्या, स्टील किंवा टंगस्टनचा गाभा असलेल्या, १९८६ पासून. तुझी शिसं-तांब्याची त्यात बसत नाही. न्यू जर्सीला मात्र नेऊ नकोस, तिथे हॉलो पॉइंटचे नियम कडक आहेत. (गोळ्या भरायच्या जुन्या मॅगझिनांवरही असला शिक्का दिसेल, तो मोठ्या मॅगझिनवरच्या १९९४ च्या बंदीचा, ती २००४ ला संपली.)

पण मेव्हण्याचं काय ते! एच-वन म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसा, त्यावर बंदूकच काय, काडतूस बाळगणं पण फेडरल गुन्हा, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे दोन-चार अपवाद सोडले तर. रेंजवर भाड्याची असली तरी तेच. तू खोक्याला घाबरतोयस आणि खरी भानगड सोफ्यावर बसलीय.

उत्तर २:
+१. आणि रेंजची सॅक मुंबईच्या फ्लाइटला नेऊ नकोस, कप्प्यात एक काडतूस राहिलं तरी एअरपोर्टवर आर्म्स अ‍ॅक्ट लागतो.

धागाकर्ता:
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. मेव्हण्याला वाचून दाखवलं, तो तेव्हापासून गप्प आहे. आता डब्याला कुलूप लावून किल्ली फक्त माझ्याकडे ठेवली तर पुरे का, की तो राहतोय तोवर सगळंच घराबाहेर ठेवू? कोणी वकिलाला विचारलंय का असं काही?