आवाज मोजायचा तो यंत्रापाशी की कामगाराच्या खांद्यावर?

निनाद (धागाकर्ता)
साउंड लेव्हल मीटर घेऊन कारखान्यात फेरी मारायची, दर यंत्रापाशी दोन मिनिटं थांबून आकडा टिपायचा आणि अहवाल द्यायचा, हा प्रकार बंद झाला पाहिजे. कामगार दिवसभर एका जागी थोडाच असतो? समजा, तो अर्धा तास ९७ डेसिबलमध्ये ग्राइंडिंग करतो आणि उरलेले साडेसात तास ८० मध्ये असतो. साधी सरासरी ८१ येते. पण डेसिबल लॉगरिदमिक (दर ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट) असल्यामुळे सरासरी ऊर्जेची काढावी लागते आणि ती येते ८६. मर्यादा ८५ धरली तर हा माणूस धोक्यात आहे. म्हणून खांद्यावर डोसीमीटर (अंगावर लावून पाळीभर आवाज नोंदवणारं छोटं मीटर) लावून पूर्ण पाळी मोजा.

गार्गी
ही चूक हिशेबाची झाली, मीटरची नव्हे. कामगाराच्या कानावर पडणारा आवाज मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९६१२, त्याप्रमाणे कामागणिक मोजा: प्रत्येक कामाची किमान ३ मापं, प्रत्येकी निदान ५ मिनिटं, मापांत ३ डेसिबलचा फरक पडला तर आणखी मापं. मग मीटरनेही ८६ च निघेल, वर त्यात ग्राइंडरचा वाटा किती तेही कळेल. खांद्यावरच्या माइकला कॉलर घासते, कुणी टिचकी मारतं, तेही डोसमध्ये (पाळीभरात कानावर पडलेला एकूण आवाज, मर्यादेच्या टक्क्यांत) जमा होतं.

निनाद
डोसीमीटर मिनिटागणिक नोंद ठेवतो. ती कामाच्या वेळांशी ताडून पाहिली की ग्राइंडर आणि टिचकी दोन्ही ओळखू येतात. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याच्या किंवा दुरुस्तीवाल्या फिटरच्या दिवसाचे असे तुकडे कसे पाडणार?

गार्गी
फिरत्या माणसाला डोसीमीटरच हवा, मान्य. एका जागी उभं राहून काम करणाऱ्याला नको.

रव
दोघंही डोसीमीटरच्या सेटिंगबद्दल बोलत नाही आहात, आणि खरा घोळ तिथेच होतो. निनाद यांचंच उदाहरण घ्या. मर्यादा ८५ आणि एक्स्चेंज रेट (किती डेसिबल वाढले की डोस दुप्पट धरायचा) ३ ठेवला तर डोस १३० टक्क्यांच्या आसपास येतो. मर्यादा ९०, रेट ५ आणि थ्रेशोल्डही (ज्याखालचा आवाज मोजणीत धरायचाच नाही ती पातळी) ९० ठेवला तर तोच दिवस जेमतेम १७ टक्के दाखवतो! अहवालात सेटिंग लिहिलेलं नसेल तर तो परत पाठवा. कॅलिब्रेटरने (ठरावीक पातळीचा आवाज देणारं उपकरण) मोजणीआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासा. दोन्हींत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर त्या पाळीची मापं बाद. प्रेस किंवा हॅमरचे ठोके असतील तर सी-वेटिंगवर (अशा ठोक्यांसाठीचं मीटरचं फिल्टर) पीक, म्हणजे क्षणभराची कमाल पातळी, वेगळा नोंदवा, कारण १४० चा एखादा ठोकाही कानाला इजा करू शकतो आणि आठ तासांच्या सरासरीत तो दिसेलच असं नाही.

गार्गी
पीकच्या बाबतीत मात्र माझा भरवसा मीटरवरच. माइकला कॉलरचा धक्का बसला तरी डोसीमीटर १४० दाखवू शकतो. हॅमरपाशी मीटर हातात धरून, कानाजवळ, समोर ठोका पडताना पाहूनच तो आकडा घ्यावा.