एचएसव्ही-१ (हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू-१): संसर्गित पेशीतला डीएनए जेलच्या वेलमधून (नमुना भरायच्या खाचेतून) बाहेर का येत नाही?

अंकुर_जीव: व्हेरो पेशींना (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) एचएसव्ही-१ चा संसर्ग देऊन १२ तासांनी त्या अगरोजच्या प्लगमध्ये घेतल्या आणि पल्स्ड-फील्ड जेल (विजेची दिशा बदलत लांब डीएनए आकारानुसार वेगळा करणारं) चालवलं. विषाणूकणांतला डीएनए १५२ किलोबेसला छान बँड देतो. पेशींतला बराचसा मात्र वेलमध्येच राहतो. पुस्तकात रोलिंग सर्कल दिलंय, म्हणजे गोल जीनोमवरून अखंड निघत राहणारी जीनोममागे जीनोम अशी सरळ साखळी. मग जीनोमला एकदाच कापणारं एन्झाइम लावल्यावरही थोडाच डीएनए का सुटतो? पचन अपुरं राहिलं का?

प्लगवाली: आधी पचनाची खात्री करून घ्या. प्लगमधली प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज-के उरलं तर ते एन्झाइमच खाऊन टाकतं, आणि ईडीटीए उरलं तर मॅग्नेशियम मिळत नाही. म्हणून प्रोटिनेज-के बंद पाडणारं पीएमएसएफ देऊन प्लग टीई बफरमध्ये बराच वेळ धुवा, मग एन्झाइमच्या बफरमध्ये मुरू द्या. शेजारच्या नळीत विषाणूकणांचा प्लग तसाच कापा. तो पूर्ण कापला गेला तर दोष पचनाचा नाही. आणि १५२ च्या एकाच बँडची वाट पाहू नका. साखळीतल्या शेजारच्या जीनोमांचे एल (लांब) आणि एस (आखूड) भाग उलटसुलट बसलेले असतात, त्यामुळे दोन कापांमधलं अंतर बदलतं.

केंद्रकवासी: पचन ठीक असेल तर तुम्हाला दिसतोय तो फांद्या फुटलेला डीएनए. एका कापाने X किंवा Y आकाराचे तुकडे सुटे होत नाहीत, आणि असे तुकडे जेलमध्ये शिरत नाहीत.

सुरुवात सरळ आहे. यूएल९ हे विषाणूचं प्रथिन ओरी-एल किंवा दोन ओरी-एसपैकी एकावर (ओरी म्हणजे प्रतिकृती सुरू होण्याची जागा) बसतं आणि सुट्या धाग्याला चिकटणाऱ्या आयसीपी८ च्या मदतीने धागे उघडतं. धागे उलगडून नव्या धाग्याची सुरुवात करून देणारं हेलिकेज-प्रायमेज म्हणजे यूएल५, यूएल८ आणि यूएल५२. नवा धागा बनवणारं पॉलिमरेज यूएल३०, आणि त्याला डीएनएवर धरून ठेवणारं यूएल४२. ही सात प्रथिनं विषाणूची स्वतःची; टोपोआयसोमरेज पेशीचं. पण यूएल९ ची गरज सुरुवातीलाच असते. तापमान-संवेदी (जास्त तापमानात निकामी होणारं) यूएल९ असलेल्या विषाणूत काही तासांनी तापमान वाढवलं तरी प्रतिकृती चालू राहते. नुसत्या ओरीवर विसंबलेल्या चित्रात हे बसत नाही.

माझ्या मते पुढचं बरंच काम पुनर्संयोजनातून होतं. यूएल१२ तुटलेल्या टोकाचा ५' धागा कुरतडतं, आयसीपी८ उघडा पडलेला धागा दुसऱ्या जीनोमच्या पूरक धाग्याशी जुळवतं, तिथून नवी फांदी निघते. यूएल१२ काढलं तरी डीएनए जवळपास नेहमीइतकाच बनतो; पण त्याची रचना बिघडते आणि संसर्गक्षम कण फार कमी निघतात. रोलिंग सर्कल खोटं ठरलंय असं मात्र नाही. जीनोम गोल होतो की नाही, यावरही वाद आहे.

अंकुर_जीव: वेलमधला डीएनए नव्याने बनलेलाच आहे, हे कसं दाखवू?

प्लगवाली: संसर्गापासूनच ४०० मायक्रोग्रॅम/मिली फॉस्फोनोअॅसेटिक आम्ल द्या. ते थेट यूएल३० अडवतं. असायक्लोव्हिर इथे नको: त्याला आधी विषाणूचं थायमिडीन कायनेज लागतं, म्हणजे हे कायनेज नसलेल्या (टीके-उणे) स्ट्रेनवर नियंत्रण फसेल. आम्ल दिलेल्या प्लगमध्ये आत आलेला मूळ जीनोमच दिसेल. तो गोल झाला असेल तर वेलमध्ये राहील, पण एकदा कापल्यावर १५२ ला उतरेल. फांद्यावाला उतरणार नाही.

सोबत बॅमएचआय या एन्झाइमने कापून सदर्न (प्रोबने ठराविक तुकडे ओळखण्याची पद्धत) करा. ते अनेक ठिकाणी कापतं, त्यामुळे फांद्या असूनही बहुतेक तुकडे जागेवर दिसतात. जीनोमच्या टोकांचे तुकडे मात्र जोड-तुकड्यांपेक्षा (ज्यांत टोकं एकमेकांना जोडलेली असतात) फिके असतील. टोकं तयार होतात ती यूएल१५, यूएल२८, यूएल३३ चं टर्मिनेज 'ए' क्रमांवर कापून डीएनए कॅप्सिडमध्ये भरतं तेव्हा.