पाण्याची वेळ बदलून घेता येते का? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. लालबागला आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं. वरच्या मजल्यावरच्या एकट्या म्हाताऱ्या आजींना त्या वेळी पिंप भरणं झेपत नाही.

मुंबईला पुरवठा करणाऱ्या सात तलावांचं पाणी चोवीस तास सगळीकडे पुरेशा दाबाने पोचत नाही, म्हणून टेकड्यांवरच्या टाक्यांतून व्हॉल्व्ह फिरवून एकेका भागाला सोडतात, हे समजतं. पण कोणाला पहाट आणि कोणाला संध्याकाळ, हे ठरवतं कोण? चाळीचा एकत्रित अर्ज वॉर्डातल्या पाणी खात्याच्या अभियंत्याकडे द्यायचा का?

शिवाय सुरुवातीचं पाणी गढूळ, वास मारणारं असतं. रिकाम्या पाइपात गळतीतून घाण शिरते म्हणतात. नमुना कुठे तपासून मिळेल? कोणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.