चेक-इन बॅगेतून चांदी आणि घड्याळ गेलं. तक्रार कुणाकडे, कशी? (वकील आणि मुंबईची फेरी सोडून सांगा)

गोदाकाठ
आई-बाबा शुक्रवारी पहाटे न्यूअर्कहून मुंबईला उतरले. तिकीट एकच, पण आखातात विमान बदललं आणि दोन टप्प्यांच्या दोन वेगळ्या कंपन्या. बॅगा पट्ट्यावर धडधाकट आल्या, म्हणून तडक गाडीनं नाशिक गाठलं. दोघंही झोपेच्या तारेत, त्यामुळे मोठी बॅग काल रविवारी उघडली. कुलूप जागच्या जागी, पण आतलं चांदीचं ताम्हण, निरांजनांची जोडी (भाचीच्या बारशाला इथूनच नेली होती) आणि दादानं बाबांना घेतलेलं घड्याळ गायब. घड्याळाचा डबा आहे, आतली उशीही आहे. ताम्हण ज्या जुन्या साडीत गुंडाळलं होतं ती साडी तर चोरानं नीट घडी घालून वर ठेवलीय.

विमानतळावर काहीच लिहून दिलेलं नाही. आता तक्रार कोणत्या कंपनीकडे करायची आणि त्यात काय लिहायचं? अटी दोनच: मुंबईला खेटे नकोत आणि खर्च हजाराच्या आत. नवीन बॅग कुठली घ्यावी हे विचारत नाहीये.

सुटसुटीत
वाईट झालं. पण ताई, चेनची बॅग घेऊच नका. मी अठरा हजारांची घेतली, चेनच नाही, दोन खटक्यांची कडक बॅग. चार देश फिरून आली, ओरखडा नाही.

गोदाकाठ
शेवटची ओळ वाचलीत का हो माझी?

पेठेतला
चांदी चेक-इनमध्ये टाकतं का कुणी? कंपनीच्या अटींत स्पष्ट असतं की दागिने, रोकड, मौल्यवान वस्तू हातातल्या बॅगेत ठेवा. आता ते हात वर करणार आणि ते बरोबरच आहे. तक्रार वगैरे वरातीमागून घोडं.

मिरचीठेचा
पेठेतला काका, चोरी चोरानं केली की ताईंच्या आईनं? काहीही हं.

मस्कतवाला
इथं दर सुट्टीला कुणाचं ना कुणाचं असं होतं, म्हणून पाठ झालंय. ज्या कंपनीच्या विमानानं मुंबईत उतरलात तिच्याकडे तक्रार करा, म्हणजे शेवटची कंपनी. पीआयआर, म्हणजे विमानतळावरच्या काउंटरवर भरतात तो प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट, तुम्ही भरलेला नाही. हरकत नाही. संकेतस्थळावर सामानाच्या तक्रारीचा फॉर्म असतो, तो आजच भरा, ईमेलही टाका. फोनवर बोलण्यात वेळ घालवू नका, फोनवरची तक्रार म्हणजे हवेत गेली. तक्रार क्रमांक मागून घ्या. पीआयआरचा क्रमांक दहा अक्षरी असतो, सुरुवातीला विमानतळाचा कोड (मुंबई असेल तर बीओएम), मग कंपनीचा, मग पाच आकडे. तो मिळाला तर समजा कुठेतरी नोंद झाली.

कलम_कसाई
मस्कतवाल्यांना दुजोरा. आंतरराष्ट्रीय प्रवास आहे, म्हणजे १९९९ चा माँट्रियल करार लागू. भारत त्यात २००९ पासून आहे आणि आपल्या १९७२ च्या कॅरेज बाय एअर कायद्याला तो परिशिष्ट म्हणून जोडलाय. कलम ३१: नुकसान लक्षात येताच, आणि बॅग ताब्यात आल्यापासून फार तर सात दिवसांत लेखी तक्रार. ती मुदत गेली की दावाच उरत नाही. तुम्ही शुक्रवारपासून मोजा, गुरुवार उलटू देऊ नका.

कलम ३६ प्रमाणे सामानासाठी पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्या टप्प्यात नुकसान झालं ती, अशा सगळ्यांना धरता येतं. तेव्हा दोघींनाही एकच पत्र पाठवा. एकीनं दुसरीकडे बोट दाखवलं तरी मग फरक पडत नाही.

लोणावळा_चिक्की
माझंही असंच झालं होतं! पुणे-दिल्ली, बॅगेतून बूट गेले. नवे होते. देशांतर्गत विमानात सगळं मिळून वीस हजारांवर देत नाहीत म्हणाले, आणि मला तर शेवटी दोन हजारांचं कूपन दिलं, तेही सहा महिन्यांत वापरायचं. वापरलं नाही. त्यांच्या विमानात पुन्हा पाय ठेवणार नाही, कानाला खडा.

सुटसुटीत
म्हणूनच म्हणतो, बॅग चांगली घ्या.

बोरूबहाद्दर
कुलूप टीएसएचं (अमेरिकेतल्या विमानतळ सुरक्षा खात्याचं) होतं का? मग उघडलं असेल अमेरिकेतच. त्यांच्याकडे मास्टर चावी असते.

तिखट_शेव
टीएसएनं बॅग उघडली तर आत छापील चिठ्ठी ठेवतात. ताई, चिठ्ठी होती का? नसेल तर तिकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. आणि त्या मास्टर चाव्यांचे फोटो २०१४ मध्येच एका अमेरिकी वर्तमानपत्रात छापून आले होते, पुढच्या वर्षी लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर चाव्या केल्या. आता ती चावी काही फक्त सरकारकडे नाही.

बोरूबहाद्दर
म्हणजे कुलूप लावायचंच नाही?

तिखट_शेव
लावा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. चेनला कुलुपाची गरजच नसते. बॉलपेन दातांमध्ये खुपसलं की चेन उलते, हात घालायचा, काम झालं की कुलपासकट दोन्ही रनर एकदा पूर्ण फिरवायचे, चेन परत बंद. कुलूप शाबूत. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. गोदाकाठ ताई, चेनच्या कडेचे दात बोटानं चाचपून बघा, एखाद्या कोपऱ्यात वाकलेले सापडतील. फोटो काढा.

गोदाकाठ
चिठ्ठी नाही. चेनचे दात चाचपले: चाकांच्या बाजूच्या कोपऱ्यात तीन-चार दात तिरके आहेत आणि तिथं निळ्या शाईचा डाग!!! फोटो काढले.

सुटसुटीत
खटक्यांच्या बॅगेला दातच नसतात.

रॅम्पवरचा_माणूस
मी ग्राउंड हँडलिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. काही गोष्टी कामाच्या:

वजन बघा. बॅग देताना काट्यावर जे वजन आलं ते कंपनीच्या सिस्टीममध्ये असतं, तुमच्या टॅगच्या पावतीवरही बहुतेक छापलेलं असतं. घरच्या हुकाच्या काट्यावर आत्ता तोला. किलो-सव्वा किलोचा फरक आला तर त्यासारखा पुरावा नाही. बॅग आवरू नका, साडीसुद्धा हलवू नका.

पत्रात 'तुमच्या लोडरनं चोरली' असं लिहू नका. कोणी आणि कुठं हे तुम्हाला सिद्ध करायचं नाहीये. 'बॅग तुमच्या ताब्यात असताना आतल्या या वस्तू कमी झाल्या' एवढंच. आरोप केलात की फाईल सिक्युरिटीकडे जाते आणि तिथंच बसते.

टॅगची पावती, बोर्डिंग पास फेकू नका. टॅग बॅगेवरून कापला असेल तर कचऱ्यातून शोधा.

गोदाकाठ
काका, फार उपयोगी. पण पावतीवर दोन्ही बॅगांचं मिळून ४५ छापलंय. दुसऱ्या बॅगेतले बदाम आणि चॉकलेटं आईनं काल दुपारीच आख्ख्या सोसायटीत वाटली.

मिरचीठेचा
परत गोळा करा 😂

रॅम्पवरचा_माणूस
हरकत नाही. कंपनीला लिहा की प्रत्येक बॅगेचं वेगळं वजन तुमच्या नोंदीतून द्या. न्यूअर्कला प्रत्येक बॅग वेगळी तोलली गेली असणार.

पेठेतला
पण चांदीचं बिल आहे का? बिलाशिवाय कोणी दमडी देणार नाही.

गोदाकाठ
ताम्हण आईच्या लग्नातलं. बिल कुठून आणू?

आजीबाईचाबटवा
बारशाचे फोटो असतील की! त्यात ताम्हण-निरांजन दिसत असणारच, पाळण्यापुढे. तो फोटो द्या, तारखेसह. आणि तुमच्या सराफाकडून तेवढ्या वजनाच्या ताम्हणाचा आजचा भाव त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या. घड्याळाचं बिल तुमच्या भावाच्या ईमेलमध्ये असेलच.

कलम_कसाई
आजीबाई, एक नंबर. पेठेतल्यांच्या मूळ मुद्द्यालाही उत्तर देतो. 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी नाही' अशी अट कंपन्या घालतात खरी, पण करारातलं कलम २६ म्हणतं की करारातली जबाबदारी टाळणारी अट रद्दबातल. पत्रात हे एक वाक्य घालाच. मात्र एकूण भरपाईला मर्यादा आहे: माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), २८ डिसेंबर २०२४ पासून, त्याआधी १२८८ होती. रुपयांत पावणेदोन-दोन लाखांच्या घरात. ही जास्तीत जास्त, आपोआप मिळणारी नव्हे. ज्यांना याहून महागाचं न्यायचंय त्यांनी बॅग देतानाच किंमत जाहीर करून जादा पैसे भरायचे असतात.

पेठेतला
कलमं फेकून पैसे मिळत नसतात. आमच्या मेव्हण्यांनी ग्राहक मंचात केस केली, निकाल लागेपर्यंत त्यांची मुलगी दहावीची बारावीला गेली. मिळाले ते वकिलानं नेले.

कलम_कसाई
मंच नव्हे, आता आयोग. आणि वकील सक्तीचा नाही. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे नाशिकलाच. मोजलेली किंमत (इथं तिकिटाची) पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. ई-जागृती या आयोगाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या भरा. कराराप्रमाणे दाव्याला दोन वर्षं आहेत, तेव्हा आधी कंपनीला पत्र, उत्तर नाही आलं की नागरी उड्डाण खात्याचं एअरसेवा हे तक्रारींचं संकेतस्थळ, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि मग आयोग.

बोरूबहाद्दर
पोलिसात जा आधी. एफआयआरशिवाय काही होत नाही.

लोणावळा_चिक्की
पोलीस म्हणतील मुंबईला जा, सहारला.

कलम_कसाई
म्हणायला नको. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, ऑनलाइनसुद्धा, फक्त तीन दिवसांत सही करायला जायचं. पण इथं गुन्हा न्यूअर्कला झाला, आखातात की मुंबईत हेच ठाऊक नाही. अर्ज देऊन पोच घ्या, इतपत पुरे.

सदाशिवराव_टपालवाले
ईमेलवर विसंबू नका. रजिस्टर ए.डी.नं पत्र धाडा, पोच कोर्टात चालते.

तिखट_शेव
काका, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं.

सदाशिवराव_टपालवाले
विलीन झालं, बंद नाही. स्पीड पोस्टवर जादा पैसे देऊन रजिस्ट्रेशन मिळतं, पोचही मिळते. मी परवाच केलं. काउंटरवरच्या पोरीलाच माहीत नव्हतं, मी तिला सांगितलं.

तिखट_शेव
मग तेच म्हणालो ना मी.

सदाशिवराव_टपालवाले
तुम्ही 'झालं' असं म्हणालात, सुरात 'संपलं' होतं.

आजीबाईचाबटवा
मूळ विषयावर या. ताई, प्रवास विमा होता का?

गोदाकाठ
होता. विचारलं. म्हणाले आख्खी बॅग हरवली तरच देतो, आतलं काही गेलं तर नाही. आणि मौल्यवान वस्तू तशाही वगळलेल्या.

सुटसुटीत
माझ्या कार्डावर बॅगेचा विमा फुकट आहे. बॅग घेतली तेव्हाच काढलं होतं कार्ड.

मस्कतवाला
त्यातही हेच लिहिलेलं असेल, बारीक अक्षरात. वाचून बघा.

गोदाकाठ
(अपडेट) बुधवारी दोन्ही कंपन्यांना एकच पत्र ईमेलनं, फॉर्मवर आणि स्पीड पोस्टनं गेलं. सोबत बारशाचा फोटो, चेनच्या दातांचे फोटो, सराफाचं पत्र, घड्याळाचं बिल. एकूण खर्च हजाराच्या निम्म्याहून कमी. पहिल्या कंपनीनं दुसऱ्या दिवशी 'शेवटच्या कंपनीशी बोला' असं कळवलं. दुसरीनं क्रमांक दिलाय, बीओएमनं सुरू होणारा.

कलम_कसाई
छान. आता गप्प बसा. महिनाभर थांबा, मग एअरसेवा. आणि एक सांगून ठेवतो: ते आधी व्हाउचर देऊ करतील. 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कशावरही सही करू नका.

लोणावळा_चिक्की
हो! कूपन अजिबात घेऊ नका. माझं बघा.

रॅम्पवरचा_माणूस
पहिली ऑफर नेहमी कमी असते. घड्याळाची घसारा धरून निम्मी किंमत लावतील. नाही म्हणा, वाढवतात.

पेठेतला
काही मिळणार नाही.

गोदाकाठ
(अपडेट) उत्तर आलं. एअरसेवावर तक्रार टाकल्यानंतर तीन दिवसांनी, हा योगायोग समजावा. वजनाच्या नोंदीबद्दल चकार शब्द नाही. घड्याळाच्या बिलाच्या साठ टक्के रक्कम बँकेत, किंवा त्याच्या दुप्पट व्हाउचर. चांदीबद्दल 'खरेदीची पावती नसल्याने दिलगीर आहोत'. पूर्ण व अंतिम.

कलम_कसाई
घेऊ नका. फोटो आहे, सराफाचं पत्र आहे, कलम २६ आहे. आयोगात सरळ केस आहे ही. मसुदा मी करून देतो, फुकट.

रॅम्पवरचा_माणूस
नाही म्हणा. एकदा तरी म्हणून बघा.

आजीबाईचाबटवा
चांदी सोडू नका हो, आईच्या लग्नातली.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, पण आम्ही व्हाउचर घेतोय. हो, व्हाउचरच, आणि सहीपण केली. दुप्पट रकमेत बाबांचं परतीचं तिकीट जवळजवळ निघतं आणि दिवाळीला त्यांना तिकडे जायचंच आहे. आयोगाचं आईला विचारलं. ती म्हणाली, माझ्या ताम्हणावर दोन वर्षं तारखा नकोत, सराफ बाजारात जाऊन नवं आणू. कसाई दादा, मसुदा करायची तयारी दाखवलीत, ते मोठंच.

लोणावळा_चिक्की
😶 व्हाउचर???

कलम_कसाई
तुमची मर्जी. व्हाउचरची मुदत आणि तारीख बदलायचे नियम लेखी मागून घ्या निदान.

पेठेतला
मी म्हटलं होतं.

मिरचीठेचा
काका, तुम्ही म्हणालात काही मिळणार नाही. मिळालं की!

सुटसुटीत
दिवाळीला जाताना कोणती बॅग नेणार?

फुलपाखरू_२
नमस्कार, माझी बॅग सहा दिवस उशिरा आली, मध्ये कपडे विकत घ्यावे लागले. त्याचं इथंच विचारू का?

कलम_कसाई
नवीन धागा काढा. आणि आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तर उशिरासाठी सात नाही, बॅग हाती आल्यापासून एकवीस दिवस असतात. कपड्यांची बिलं जपून ठेवा.