महापालिकेला मत देऊन नक्की काय फरक पडतो? (खरंच विचारतोय)

कंटाळाकुमार:
लोकसभा विधानसभेला मी न चुकता जातो, तिथे प्रश्न नाही. पण महापालिकेचं आलं की खरंच पाय निघत नाही घरातून. एकतर उभे कोण आहेत तेच माहीत नसतं, फ्लेक्सवर सगळे सारखेच, हात जोडलेले, आणि काल एका पक्षात असलेला आज दुसऱ्यात. समजा आला निवडून, तरी त्याच्या हातात काय असतं? आयुक्त सरकार नेमतं, मोठी कामं मंत्रालयात ठरतात, नगरसेवक म्हणजे बाकडी आणि बाकड्यावर स्वतःचं नाव एवढंच मला दिसतं. बायको म्हणते तू नुसती कारणं शोधतोयस. असेल. पण मी कुणाकडे कधी काम घेऊन जात नाही, ऑफिस आणि घर, बस. माझ्यासारख्याला प्रत्यक्षात काय फरक पडतो ते सांगा. 'पवित्र कर्तव्य' वगैरे नको प्लीज, ते शाळेत ऐकून झालंय.

नकाशेबाज:
आयुक्त सरकार नेमतं हे बरोबर. पण बजेट मंजूर कोण करतं? आधी स्थायी समिती, मग सर्वसाधारण सभा, आणि दोन्हीकडे नगरसेवकच बसतात. मोठी टेंडरं स्थायी समितीपुढे येतात, मालमत्ता कराचे दर सभेत ठरतात. म्हणजे तुम्ही कुणाकडे जात नसलात तरी बिल तुमच्याकडे येतंच ना.

आणि ज्याकडे कुणी बघत नाही ती गोष्ट म्हणजे विकास आराखडा, डीपी. कुठे शाळा, कुठे मैदान, कुठे रस्ता रुंद हे त्यात आरक्षण टाकून ठरतं. मधेच आरक्षण बदलायचं तर सभेचा ठराव लागतो. असे ठराव कधी कधी सभा संपता संपता येतात, हात वर होतात, पाच मिनिटांत विषय संपतो. शेवटचा शिक्का सरकारचा, मान्य, पण सुरुवात इथून होते. दहा वर्षांनी घराशेजारी टॉवर उभा राहिला की लोक विचारतात अरे इथे तर मैदान होणार होतं! होणार होतं, कागदावर. त्या सभेत तुमच्या वॉर्डाचा माणूस काय करत होता हे तुम्हाला माहीत आहे का? मलाही आमच्याचं बऱ्याच उशिरा कळलं. बाकड्याचं सोडा हो, बाकडं दिसतं म्हणून सगळे त्यावरच बोलतात.

खडूफळा:
मी शिक्षिका, त्यामुळे निवडणूक ड्युटी पाचवीला पुजलेली. बूथवर बसून जे दिसतं ते सांगते.

मतदार आत आला की पहिला अधिकारी नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्याने वाचतो. मागे उमेदवारांचे पोलिंग एजंट बसलेले असतात, प्रत्येकाकडे तीच यादी, आणि ते पट्टी लावून त्या नावावर खूण करतात. दुपारनंतर या याद्यांवरून निरोप जायला लागतात, अमुक बिल्डिंगमधून अजून कोणी आलं नाही, तमुक गल्ली संपली. तुम्ही कुणाला मत दिलं ते कुणालाही कळत नाही, पण तुम्ही आलात की नाही ते सगळ्यांना कळतं. मोजणीलाही बूथप्रमाणे आकडे एजंट लिहून घेतात, म्हणजे कुठल्या भागातून किती पडली हा हिशोब पुढची पाच वर्षं उमेदवाराच्या खिशात.

आता तुम्ही नगरसेवक आहात असं समजा. ड्रेनेजची एकच लाइन बदलता येईल एवढा निधी आहे. एका बाजूला सकाळी साडेसातला रांग लावणारी वस्ती, दुसऱ्या बाजूला सोसायटी जिथून संध्याकाळी पाचला चार जण येऊन विचारतात की आमचं नाव याच केंद्रावर आहे का. लाइन कुठे पडेल? सोसायटीवाले नंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हणतात आम्ही टॅक्स भरतो. भरता हो दादा, पण टॅक्स भरणाऱ्यांची यादी पट्टी लावून कुणी बघत नाही.

उलटा चष्मा:
ताई छान लिहिलंत पण जरा जास्तच गोड चित्र आहे. ज्या वस्तीत रांग लागते तिथे आदल्या रात्री काय वाटलं जातं ते पण लिहा की. आणि मुंबई सोडली तर बाकीच्या महापालिकांत प्रभाग पद्धत, एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक. रस्ता खराब झाला तर जाब कुणाला विचारायचा? अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणतो ते क बघतात, ड तर निकालानंतर दिसलेलाच नसतो. ही व्यवस्थाच अशी केलीय की जबाबदारी कुणाचीच नको. मी मत देत नाही आणि मला त्याचा अजिबात गिल्ट नाही.

गणितवाली:
उलटा चष्मा, प्रभाग पद्धतीबद्दल शंभर टक्के सहमत. पण पाकिटांचं गणित उलट आहे. निम्मे मतदार घरी बसले आणि पाच सहा जण उभे असले तर जिंकायला प्रभागातल्या एकूण मतदारांपैकी पंधरा-वीस टक्के सुद्धा पुरतात. तेवढी माणसं 'मॅनेज' करणं परवडतं. मतदान वाढलं की तो खर्च परवडेनासा होतो. म्हणजे तुम्ही घरी बसून पाकीटवाल्याला सवलतच देताय.

आणि एका मताने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी, २०१७ ची मुंबई महापालिका आठवा. वॉर्ड २२० मध्ये शिवसेना आणि भाजप दोघांच्या उमेदवारांना सारखीच मतं पडली, शेवटी चिठ्ठी टाकली आणि भाजपचा माणूस आला. एकूण निकाल काय होता, शिवसेना ८४, भाजप ८२. अशा अटीतटीत एक जागा चिठ्ठीवर गेली! त्या वॉर्डात त्या दिवशी कंटाळा आला म्हणून घरी राहिलेल्यांपैकी एका जणाने उठून या दोघांपैकी कुणालाही मत दिलं असतं तर चिठ्ठी लागलीच नसती. आणि ते मतदान बरं म्हणायचं, ५५ टक्क्यांच्या आसपास, २०१२ ला तर ४५ च्या घरात होतं.

कोणीच पटत नसेल तर नोटा आहे, म्हणजे 'यापैकी कोणीही नाही' हे बटण. २०१८ साली राज्य निवडणूक आयोगाने आदेश काढलाय की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक परत घ्यायची. (परत घेतल्यावरही नोटाच पुढे राहिला तर मात्र उमेदवारांमधला पहिला निवडून येतो.) लोकसभा विधानसभेला ही सोय नाही, तिथे नोटा नुसता आकडा.

उलटा चष्मा:
नोटाचं माहीत नव्हतं. बाकी मतावर ठाम 😄

फायलींचा ढीग:
नगरसेवक नसले तर काय होतं हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय की. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मग साडेतीन वर्षांपेक्षा जास्त काळ प्रशासक, म्हणजे सरकारने नेमलेला आयुक्तच सगळं बघणार. राज्यात इतरही कितीतरी ठिकाणी तेच. ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितलंय मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या केसेसमध्ये सगळं अडकलं. त्या काळात बजेट कोणी मांडलं, कोणी मंजूर केलं? एकाच खुर्चीने. काही जण म्हणतात कामं फटाफट झाली, झाली असतील काही, पण चूक झाली तर अडवायला कोण?

याचं सगळ्यात भयानक उदाहरण अमेरिकेतलं आहे, मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर. शहर कर्जात म्हणून राज्याने प्रशासक बसवला, निवडून आलेली कौन्सिल नावापुरती. २०१४ मध्ये पैसे वाचवायला डेट्रॉइटचं पाणी बंद करून नदीचं सुरू केलं, पाइप गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायची तीच केली नाही, आणि जुन्या पाइपातलं शिसं लोकांच्या नळाला. लोक बाटल्या भरून दाखवत होते पिवळं पाणी. मार्च २०१५ मध्ये कौन्सिलने ७ विरुद्ध १ मतांनी ठराव केला की परत डेट्रॉइटचं पाणी घ्या. प्रशासकाने फेटाळला. त्याला पुढच्या निवडणुकीत त्या लोकांच्या दारात जायचंच नव्हतं. पाणी बदललं ऑक्टोबरमध्ये. आपला नगरसेवक कितीही बेकार असो, नळाला गढूळ पाणी आलं की त्याच्या घरासमोर उभं तरी राहता येतं.

कंटाळाकुमार:
धन्यवाद सगळ्यांना. फ्लिंटचं वाचून चर्र झालं. डीपीवाला मुद्दा पण लागला, आमच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे त्याचं आरक्षण काय ते आता शोधतो. आणि खडूफळा ताई, ते पाचला येऊन केंद्र विचारणारे म्हणजे आम्हीच 🙏 आता प्रॅक्टिकल विचारतो, विधानसभेला नाव होतं म्हणजे इथेही असणारच ना?

खडूफळा:
असणार, पण कुठे ते बघा. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी घेतात आणि प्रभागाप्रमाणे फोडतात, त्यात शेजारच्या प्रभागात नाव जाणं नेहमीचं. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकत घ्यायला थोडेच दिवस देतात, तेव्हाच घरातल्या सगळ्यांची नावं बघून घ्या, मतदानाच्या दिवशी माझ्याशी भांडून उपयोग नाही, माझ्या हातात फक्त यादी असते. आणि चार जागांचा प्रभाग असेल तर अ ब क ड चारही ठिकाणी बटण दाबायचं, नको असेल तिथे नोटा. एक दाबून लोक चालायला लागतात, शेवटचं बटण दाबेपर्यंत बीप वाजत नाही, मग आम्ही इकडून ओरडतो अहो काका थांबा, अजून तीन राहिलीत.