ऊस टाकला की पाऊस येतोय! बातम्या सुचवणाऱ्या साइटचं काय चुकतंय?

शाहूपुरी_सौदा
आवडीप्रमाणे बातम्या दाखवणारी एक मराठी साइट वापरून बघतोय. आवडीचे शब्द दिलेत: कोल्हापूर, ऊस, पूर, गूळ. 'पूर'ला नागपूर-सोलापूर येतंय, 'ऊस'ला हवामानाचा अंदाज, आणि गुळाचे सौदे कुठंच नाहीत. जुळवणी 'अंशतः' ठेवलीय, दुसरा पर्याय 'पूर्ण शब्द'. काय बदलू?

पंचगंगाकाठ
भावा, साइट बरोबर चाललीय, शब्द चुकलेत. अंशतः म्हणजे तीच अक्षरं ओळीनं कुठंही सापडली की झालं. 'पाऊस'च्या पोटात 'ऊस' आहे, 'भरपूर'च्या पोटात 'पूर'. उलट अशा शब्दांना विभक्ती लागली की दीर्घाचा ऱ्हस्व होतो: गूळ-गुळाचा, ऊस-उसाला. संगणकाला ही वेगळी अक्षरं, म्हणून 'गुळाचे सौदे' निसटतात. 'पूर्ण शब्द' केलंस तर पाऊस थांबेल, पण 'उसाला' तर येणार नाहीच, 'ऊसदर' आणि 'ऊसतोड'ही जातील.

अंशतःच ठेव आणि शब्दाचं खोड (विभक्ती लागली तरी न बदलणारा भाग) दे: 'कोल्हाप', 'पंचगंग' (पंचगंगा, पंचगंगेची दोन्ही बसतात), 'गूळ' आणि 'गुळा' दोन्ही, 'उसा', 'ऊसदर', 'ऊसतोड', 'एफआरपी' (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर), 'गाळप'. 'पूर' काढूनच टाक. त्याऐवजी 'पूरस्थिती', 'पाणीपातळी', 'इशारा पातळी', 'धोका पातळी'. कोल्हापूरच्या पंचगंगा नदीवर राजाराम बंधाऱ्याला पाण्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, त्यामुळं पावसाळ्यात हे शब्द बातमीत असतातच. 'महापूर'चं खोड 'महाप' करू नकोस, अख्खी महापालिका येईल.

टंकयंत्र
एक राहिलं. 'शेतकऱ्यांना'मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, आत कोड वेगळा. म्हणून 'शेतक' इथंच थांबायचं. 'बंधाऱ्या'लाही तेच, 'राजाराम बंधा' पुरे.

रंकाळा_फेरी
अशा बऱ्याच साइट शब्दांबरोबर वाचकाचे क्लिकही बघतात. ही बघते का ते तपासायला दोन नवी खाती काढा, दोन्हींत शब्द तेच. एकात आठवडाभर फक्त ऊस-गुळाच्या बातम्या उघडा आणि शेवटपर्यंत वाचा, दुसऱ्यात काहीच उघडू नका. रोज एकाच वेळी दोन्हीकडच्या पहिल्या २० बातम्या लिहून ठेवा. आठवड्यानं याद्या सारख्याच असतील तर साइट नुसती शब्द जुळवतेय, शिकत काही नाही. सगळीकडं सिनेमा-क्रिकेट चढत असेल तर इतर वाचकांच्या क्लिकवर चाललंय. सौद्यांची बातमी वाचणारे मुळात थोडे, ती तिथं मागंच पडणार.

शाहूपुरी_सौदा
खोडं टाकली, गुळाचे दर आले. आता 'कोल्हाप'ला मिसळीच्या पाककृती येताहेत. 'वगळा'मध्ये 'मिसळ' टाकू?

पंचगंगाकाठ
नको! नदीत सांडपाणी 'मिसळतंय' ही बातमीही गायब होईल. 'पाककृती' आणि 'रेसिपी' वगळ.